तीन तासांचा शब्द

पोलादी सांगाड्याच्या इमारतींना आगीपासून बचाव करणारा लेप देणे हा आमच्या घरचा धंदा. यजमान गेले तेव्हा दोन फवारणी यंत्रे, सात माणसे, एक गळकी शेड आणि सातवीत शिकणारा मुलगा एवढे माझ्या पदरात टाकून गेले. पुढची अठ्ठावीस वर्षे तो धंदा मी चालवला. आता मुलगा चालवतो असे मी सर्वांना सांगते, आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी सव्वाआठला त्याच्या आधी कार्यालयात जाऊन बसते.

त्या दिवशीही मी बसले होते. माझ्या खुर्चीसमोरच्या खिडकीतून, तीन रस्ते पलीकडे, बावीस मजल्यांची कचेऱ्यांची एक इमारत दिसते. म्हणजे तेव्हा दिसत असे. वीस वर्षांपूर्वी तिच्या प्रत्येक खांबाला आणि प्रत्येक तुळईला आम्ही लेप दिला होता. आमच्या हातून झालेले ते सर्वांत मोठे काम. नवे गिऱ्हाईक आले की त्याला बसा म्हणण्याआधी मी खिडकीकडे बोट दाखवत असे. साडेआठच्या सुमारास तिच्या नवव्या मजल्यावरून धूर निघताना दिसला, तेव्हा माझ्या मनात जे पहिल्यांदा आले ते भीतीचे नव्हते, हे प्रांजळपणे लिहून ठेवते. मला वाटले, आम्ही काय काम करतो ते आता लोकांना कळेल.

कारण आमचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. खांबांवर शोभेचे तक्ते चढतात, तुळया खोट्या छताआड जातात, आणि राखाडी, खरबरीत लेप वर्षानुवर्षे अंधारात बसून राहतो. पोलाद आगीत वितळते असा लोकांचा समज असतो. तो खोडता खोडता माझे केस पांढरे झाले. वितळण्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. सहाशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते, आणि डोक्यावरचा भार मात्र होता तेवढाच असतो. तापलेली तुळई आधी लांबते आणि खांबांना बाहेर रेटते. मग झोळीसारखी लोंबू लागते आणि त्याच खांबांना आत ओढते. एक मजला खालच्या मजल्यावर बसला की पुढचे कोणाच्या हाती राहत नाही. घटकाभराच्या आगीने हे होत नाही. आग तासन्‌तास एकाच जागी धुमसत राहिली की होते. आमचा लेप ही वेळ लांबवतो, इतकेच. पस्तीस मिलिमीटर जाडीचा लेप तीन तास देतो. तेवढ्यात माणसे बाहेर पडावीत आणि आग विझावी.

सव्वानऊला अग्निशमन दलाचा फोन आला. इमारतीच्या लेपाची माहिती असणारे कोणी असेल तर ताबडतोब पाठवा, असा निरोप होता. मुलगा गाडीची किल्ली शोधू लागला. मी छडी उचलली.

"आई, तू कशाला? धुराने त्रास होईल तुला."

"ते काम चालू होते तेव्हा तू परगावी शिकत होतास. माझ्या हाताखाली झाले आहे ते. गाडी काढ."

त्याने गाडी काढली. माझ्यासमोर फारसे कोणी बोलत नसे. सूनबाईने कपाटातून त्या कामाची निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि मागच्या सीटवर येऊन बसली. ती इंजिनिअर आहे. पंधरा वर्षांपासून आमच्या सगळ्या नोंदी तीच सांभाळते.

रस्ता अडवला होता. दलाचे मुख्य अधिकारी एका बंबाच्या आडोशाला, बॉनेटवर नकाशा पसरून उभे होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, पण आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावे लागे. त्यांनी थोडक्यात सांगितले. इमारतीतली पावणेतीनशे माणसे खाली उतरली होती. नवव्या मजल्यावर कागदांचे गठ्ठे आणि लाकडी फर्निचर ठासून भरलेले होते. छतातल्या फवाऱ्यांचा पंप आठ दिवसांपासून दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता. नऊच्या सुमारास मजला पूर्ण पेटला होता. खालून पाणी पोहोचत नव्हते. विझवायचे तर जिन्याने वर जाऊन, आतूनच.

"माझी बारा माणसं वर पाठवायची आहेत," ते म्हणाले. "मला एकच सांगा. त्यांना किती वेळ आत ठेवू?"

"नऊला पूर्ण पेटली म्हणता ना? तीन तासांचा लेप आहे. मग बारा वाजेपर्यंत."

"नक्की?"

"जाडी मी स्वतः मोजली आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मान हलवली. शेजारी तुकडीचा म्होरक्या पाठीवर हवेची नळकांडी चढवत होता. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. मिशा इतक्या झुपकेदार की त्यांवरून मुखवटा नीट बसेल की नाही याची मला शंका आली.

"आजी, तीन तास म्हणालात," तो पट्टे आवळत म्हणाला. "आमची ही घरी मला एवढा वेळ कधी देत नाही. बाजारातून दहा मिनिटांत ये म्हणते."

"काम नीट केलेत तर तीन तास लागणार नाहीत," मी म्हणाले.

तो हसला. त्यानेच बंबातून एक घडीची खुर्ची काढून मला दिली, आणि आपल्या अकरा माणसांना घेऊन जिन्याच्या दारातून आत गेला. माझ्या घड्याळात नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती.

पहिला तासभर मी ताठ बसून होते. समोरच्या पदपथावर तिपाईवर दुर्बीण लावून दलाचा एक माणूस इमारतीच्या कोपऱ्याची रेघ न्याहाळत होता. रेघ हलली की त्याने ओरडायचे. ती हलत नव्हती. वायरलेसवरून मिशीवाल्याचा आवाज मधूनमधून येई. जिन्याची बाजू हातात आली. पश्चिमेकडची खोली विझली. अधिकारी प्रत्येक वेळी घड्याळ पाहत आणि मग माझ्याकडे पाहत, आणि मी मान डोलावत असे. मुलगा ओळखीच्या कोणाला तरी फोनवर सांगत होता, हो, आमचंच काम आहे, म्हणून तर उभी आहे.

साडेदहाच्या थोडे पुढे गर्दीतून आमचा जुना मुकादम वाट काढत आला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती, पण चाल तीच, एका बाजूला कललेली. ते सगळे काम त्याच्याच देखरेखीखाली झाले होते. त्याला पाहून मला बरे वाटले. म्हटले, बघा मुकादम, तुमची इमारत कशी उभी आहे.

त्याने इमारतीकडे पाहिले नाही. "आत कोणी आहे का?"

"दलाची बारा माणसे आहेत. घाबरू नका, बारा वाजेपर्यंत वेळ आहे."

"असं कोणी सांगितलं?"

"मी सांगितले."

तो माझ्या खुर्चीशेजारी, पदपथाच्या कडेवर, मटकन खाली बसला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मला वाटले धूर बाधला असेल.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "जरा बाजूला चला."

"इथेच बोला."

"इथे नाही बोलवत."

"तीस वर्षांत तुम्ही माझ्या कानाशी लागला नाहीत. आज काय झाले?"

तो आपल्या हातांकडे पाहत म्हणाला, "तुळयांचे आकडे खोटे आहेत."

आमची मोजणीची पद्धत इथे सांगितली पाहिजे. लेप ओला असतानाच त्यात एक सुई टोचायची. सुईवर सरकती चकती असते, ती लेपाला टेकली की जाडी कळते. ही सुई मी कधी कोणाच्या हाती दिली नाही. दर शुक्रवारी दहा वाजता मी कामावर फेरी मारीत असे, आणि खांबामागून खांब टोचत जात असे. माणसे पाठीमागे मला सुईबाई म्हणत. पण माझे गुडघे तेव्हाच गेले होते, शिडी चढवत नसे. म्हणून तुळयांपुरती सुई मुकादमाकडे जाई. तो शिडीवरून टोचून आकडा हाक मारून सांगे आणि मी खाली उभी राहून तो वहीत लिहीत असे. माझ्या लेखी ते मीच मोजल्यासारखे होते. अधिकाऱ्यांना मी जे सांगितले ते खोटे बोलते आहे असे मला सांगताना वाटलेही नव्हते.

"किती खोटे?" मी विचारले.

"कुठे पंधरा. कुठे अठरा. वर आधीच पाइप आणि एसीच्या हवेचे पत्र्याचे डबे बसले होते, मागपर्यंत फवारणीची नळी पोचत नव्हती. आणि पाइपवाल्यांनी क्लॅम्प बसवायला खरवडलं, तिथे उघडं पोलाद."

"नवव्या मजल्यावर?"

"सातपासून वर सगळीकडेच."

"आणि तुम्ही वरून पस्तीस सांगत होतात."

"पस्तीस. मधूनच छत्तीस." तो म्हणाला. "नुसतं पस्तीस पस्तीस म्हटलं असतं तर तुम्हाला संशय आला असता."

माझा आवाज चढला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. "का, मुकादम?"

"सहाव्या मजल्यावर मी एकदा बावीस म्हणालो होतो. आठवतं का? तुम्ही अख्खा मजला खरवडायला लावलात. फवारणीवाल्याला सगळ्यांच्या देखत हाकललंत. त्याची बायको तेव्हा बाळंत झाली होती, आठ दिवस झाले होते. तो माझ्या पाया पडत होता आणि तुम्ही म्हणालात, मुकादम, पुढचा आकडा सांगा. त्यानंतर माझ्या तोंडून बावीस निघेना."

मला आठवत होते. न आठवायला काय झाले. ती गोष्ट मी अभिमानाने सांगत आले होते. सूनबाई घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिलाही सांगितली होती, आमच्याकडे काम कसे होते ते तिला कळावे म्हणून.

पंधरा मिलिमीटर म्हणजे सव्वा तास, फार तर दीड. उघड्या पोलादाचा हिशेबच नाही. घड्याळात दहा अडतीस झाले होते. वेळ टळून गेली होती, आणि ती माणसे माझ्या शब्दावर त्या तुळयांखाली उभी होती.

बंबापर्यंत तीस-चाळीस पावले असतील. मी उठले, आणि त्या पावलांत माझ्या मनात जे जे येऊन गेले त्याची मला लाज वाटते. मुकादमाचे वय झाले आहे, त्याला नीट आठवत नसेल. वीस वर्षे ती इमारत उभी आहेच की. आग तर आटोक्यात येते आहे, अजून अर्ध्या तासात ती माणसे आपणहून खाली येतील आणि कोणाला काही सांगावे लागणार नाही. हा शेवटचा विचार इतका गोड होता की मी एका पावलापुरती थांबले. तेवढ्यात वायरलेसवर मिशीवाल्याचा आवाज आला, त्याला कशाने तरी खोकला लागला होता.

"साहेब," मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "माणसे बाहेर काढा. आत्ता."

"काय झालं?"

"मी दिलेला वेळ चुकीचा आहे. तुळयांवरचा लेप निम्म्याहूनही पातळ आहे. काही ठिकाणी नाहीच."

मुलाने कानावरचा फोन खाली घेतला. "आई, काय बोलतेयस तू?" मग अधिकाऱ्यांकडे वळून, घाईने, "साहेब, सकाळपासून उन्हात बसल्यात, वय झालंय. आमच्याकडे सह्या-शिक्क्यांची नोंद आहे. पस्तीस मिलिमीटर. तीन तास."

अधिकारी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहू लागले. त्यांची अडचण मला दिसत होती. दुर्बिणीतली रेघ जागची हलली नव्हती. कागद तीन तास म्हणत होता. वायरलेसवर मिशीवाला सांगत होता, "अजून वीस मिनिटं द्या साहेब, निम्म्याहून जास्त मजला विझलाय." आत्ता माणसे काढली तर आग वर चढणार, मग इमारत हातची जाणार. आणि याविरुद्ध काय, तर एका म्हातारीने फिरवलेला शब्द.

"तासापूर्वी तुम्ही म्हणालात, मी स्वतः मोजलं," ते म्हणाले.

"मी लिहून घेतले. मोजले ह्यांनी." मुकादम माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने मान हलवली.

"आता तुम्ही दोघं एक सांगताय, तुमचा मुलगा आणि कागद दुसरंच सांगताहेत," अधिकारी म्हणाले. "मी कशावर विश्वास ठेवू?"

तेव्हा सूनबाईने वही नकाशावर उघडून ठेवली.

"हे खांबांचे आकडे," ती म्हणाली. "छत्तीस, एक्केचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस, सदतीस. हाताने फवारलेलं असंच वेडंवाकडं येतं. आणि ह्या तुळया. पस्तीस, पस्तीस, छत्तीस, पस्तीस, छत्तीस. सहाव्या मजल्यानंतर शेवटपर्यंत. एकदाही चौतीस नाही, एकदाही चाळीस नाही. असं काम कोणाच्या हातून होत नाही, साहेब. हे मोजलेलं नाही, हे सांगितलेलं आहे."

"तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. "चौदा वर्षं झाली. मी विचारलं होतं. चांगलं काम असंच एकसारखं असतं, असं उत्तर मिळालं."

उत्तर माझे होते. त्यापुढे मी आणखी एक वाक्य बोलले होते, तुझ्या कॉलेजातले शहाणपण इथे नको म्हणून. ते तिने सांगितले नाही.

अधिकाऱ्यांनी पान उलटले. आणखी एक उलटले. मग वायरलेस तोंडाशी धरून त्याच हळू आवाजात म्हणाले, "सगळे खाली या. हातातलं सगळं तिथेच टाका आणि खाली या."

पलीकडून मिशीवाला काहीतरी हुज्जत घालू लागला. अधिकाऱ्यांनी वाक्य पुन्हा उच्चारले, तेच शब्द, तोच आवाज. मग त्यांनी गर्दी दोन चौक मागे हटवण्याचा हुकूम दिला.

नऊ मजले उतरायला अंगावर एवढे ओझे असलेल्या माणसाला किती वेळ लागतो याचा मी कधी विचार केला नव्हता. पहिले दोघे दहा पन्नासला बाहेर आले. मग चौघे. मग बराच वेळ कोणी नाही. मी जिन्याच्या दारावर नजर खिळवून मनात आकडे म्हणत होते, आणि नवव्या माणसानंतर मुलाचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, एवढेच. अकरावा अकरा वाजता आला. म्होरक्या शेवटी, अकरा वाजून सहा मिनिटांनी, एका हाताने भिंत चाचपत. नळांच्या तोट्या बंद करायला मागे राहिला होता. मुखवटा काढल्यावर त्याचा चेहरा उकडल्यासारखा लाल दिसत होता.

"आजी," तो म्हणाला, "बाराला तासभर बाकी आहे की."

मी घड्याळाकडे पाहिले.

पुढची छत्तीस मिनिटे माझ्या आयुष्यात सर्वांत लांब गेली. इमारतीला काहीच होईना. माणसे निघून आल्यावर आम्हीही बंबासकट चौकापर्यंत मागे सरलो, आणि आग मोकळी सुटली. दहावा पेटला, मग अकरावा, काचा फुटून धूर भपकन बाहेर पडे. कोपऱ्याची रेघ मात्र ढिम्म होती. इमारतीचे व्यवस्थापक, टाय सैल केलेले एक गृहस्थ, अधिकाऱ्यांसमोर येरझारा घालत होते.

"आग विझत आली होती. या बाईंच्या एका वाक्यावर तुम्ही माझे आणखी दोन मजले जाळलेत," ते म्हणाले. "सकाळी एक सांगतात, दुपारी दुसरं. संध्याकाळी काय सांगतील?"

मुलगा माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "बारा वाजून गेले आणि ती तशीच उभी राहिली, तर? लेपही चांगला होता आणि इमारतही तुझ्यामुळे जळली, असं होईल. आपण दोन्हीकडून गेलो."

"हो," मी म्हणाले.

"मग बोल ना काहीतरी. मुकादमांचा गैरसमज झाला असेल म्हण."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी ती इमारत पडण्याची वाट पाहते आहे. जी गेली वीस वर्षे मी पाहुण्यांना दाखवली, ती आता माझ्या डोळ्यांसमोर कोसळावी, नाहीतर मी खोटी ठरेन, असे मला वाटत होते. माणसे वाचली होती. त्याने माझे समाधान व्हायला हवे होते. पण शब्द खरा ठरावा ही माझी खोड तेव्हाही जात नव्हती, मग तो शब्द माझ्याच कामाच्या विरोधात का असेना.

साडेअकराला मिशीवाला पुन्हा नळकांडे पाठीवर चढवू लागला. "साहेब, रेघ हललेली नाही," तो अधिकाऱ्यांना म्हणाला. "चौघांना घेऊन जातो. दहाव्यावर दोन नळ मारतो, पंधरा मिनिटांत परत येतो. नाहीतर वरचे बारा मजले जातील."

अधिकारी लगेच नाही म्हणाले नाहीत. ते दुर्बिणीकडे पाहू लागले, आणि व्यवस्थापक त्यांच्याकडे पाहू लागले. मी उठून मिशीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले.

"खाली बसा."

"आजी, दहाच मिनिटं."

"तुम्ही माझ्या शब्दावर एकदा आत गेलात. आता माझ्याच शब्दावर बाहेर बसा. इमारत उद्यापर्यंत उभी राहिली तर मला वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन. खुर्चीवर बसा म्हणते आहे ना."

मी हे ज्या आवाजात म्हणाले तो मला चांगला परिचयाचा होता. अठ्ठावीस वर्षे याच आवाजाने मी माणसे कामाला लावली होती, आणि याच आवाजाने मुकादमाच्या तोंडून खरा आकडा निघेनासा केला होता. दुसरा आवाज मला येत नव्हता. मिशीवाल्याने अधिकाऱ्यांकडे पाहिले. अधिकाऱ्यांनी दुर्बिणीवरून नजर काढली नाही, आणि तो पाठीवरच्या नळकांड्यासकट त्या घडीच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली.

मुकादमाने आधी ऐकले. त्याने माझ्या पदराला हात लावला, जे त्याने उभ्या जन्मात केले नव्हते, आणि बोट वर केले. आगीच्या फुत्काराखाली दुसराच एक आवाज होता, कोरडा, अंतराअंतराने. टक्‌. मग पुन्हा टक्‌.

"बोल्ट," तो म्हणाला.

"आठव्या मजल्याच्या काचा बघा," सूनबाई म्हणाली. आठव्यावर आग नव्हती. तिथल्या काचांवर खालपासून वरपर्यंत तिरप्या रेघा उमटत होत्या.

दुर्बिणीवरचा माणूस ओरडला, "साहेब, चार मिलिमीटर. आतल्या बाजूला." आणि लगेच, "अकरा." त्यानंतर तो आकडे सांगायचा थांबला आणि तिपाई तिथेच टाकून आमच्याकडे धावत सुटला.

पूर्वेकडची दर्शनी बाजू नवव्या मजल्याशी आत वळली, पोटात कोणी ठोसा मारावा तशी. वरचे मजले क्षणभर जागच्या जागी होते. मग ते सरळ खाली बसू लागले, एकावर एक, घाई नसल्यासारखे, आणि आवाज आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा निम्मी इमारत नव्हती. जमीन पायांखाली हादरली. पांढरी धूळ गल्लीगल्लीतून पसरत आली, आणि मुलाने मला बंबामागे ओढून माझ्या डोक्यावर आपला कोट धरला. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. धूळ विरळ झाली तेव्हा माझ्या घड्याळाच्या काचेवरही तिचा थर होता. पुसून पाहिले तर अकरा पंचावन्न.

अधिकारी आपली माणसे मोजत होते. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, मोठ्याने. बारा झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजली. मिशीवाला अजून त्या खुर्चीतच होता. त्याच्या मिशा, भुवया सगळे पांढरे झाले होते. जिन्याचे दार जिथे होते तिथे तो टक लावून पाहत होता.

व्यवस्थापक रस्त्यातच उकिडवे बसले होते. मुकादम रडत होता. मी त्याला रडू दिले. मला सुटल्यासारखे वाटेल अशी मी वाट पाहत होते, पण तसे काही वाटले नाही. माझा शब्द खरा ठरला होता, आणि त्यातून पुढे काय निघते ते मला अधिकारी माझ्याकडे चालत येण्याआधीच कळले होते.

"बाई," ते म्हणाले, "या वहीसारख्या अजून किती वह्या आहेत?"

"आई, आता एक अक्षर बोलू नकोस," मुलगा म्हणाला. त्याने माझा हात घट्ट धरला होता. "आधी वकिलांशी बोलू. कार्यालयात जाऊ, दार लावून बसू, मग काय ते ठरवू. हे सगळं आपल्या अंगावर येणार आहे."

तो घाबरला होता, आणि त्याचे चुकत नव्हते. मी सूनबाईकडे पाहिले.

"तू यादी काढली असशील," मी म्हणाले.

"एकोणीस," ती म्हणाली. "जिथे तुळयांचे आकडे फक्त पस्तीस-छत्तीस आहेत अशा. त्यांतल्या सहा राहत्या इमारती आहेत. एक इस्पितळ आहे, सात मजली."

चौदा वर्षे ती यादी तिच्याजवळ होती. मी विचारले नाही म्हणून तिने दिली नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. मी तिला बोलूच दिले नव्हते.

"त्यांना आज आग लागलेली नाही," मुलगा म्हणाला. "चार दिवस थांबलं तर काय होणार आहे?"

"ह्या इमारतीलाही काल आग लागलेली नव्हती," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

सूनबाईने धुळीने माखलेल्या नकाशाची पाठ वर केली आणि पेन उघडले. मी इस्पितळापासून सुरुवात केली. रस्त्याचे नाव सांगून होईपर्यंत अधिकाऱ्यांनी वायरलेस तोंडाशी नेला होता, आणि मुलगा बंबाला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून, पुढचा पत्ता ऐकत उभा होता.